मोलकरीण, मालकीण आणि मधला उंबरा



वार्षिक व्याख्यानासाठी मी हा विषय कळवला, तेव्हा एका ज्येष्ठ सभासदांनी विचारलं, "ताई, मोलकरणीवर तासभर काय बोलणार?" प्रश्न रास्त आहे. शतकानुशतकं मोलकरीण कथेत चहा घेऊन येते आणि रिकामे कप घेऊन जाते. आज आपण तिला थोडा वेळ थांबवू.

सुरुवात घरापासून करते. आमचं कुटुंब धुळ्याकडचं. वडील उधन्याला लूमवर होते आणि आई घोडदोड रोडकडच्या चार घरी धुणीभांडी करायची. शाळेला सुटी असली की मी तिच्यासोबत जायची. एका घरी मागच्या दाराच्या खिडकीत दांडी तुटलेला एक कप असायचा. तो आईचा. चहा पिऊन झाला की तो तिनेच धुवायचा आणि तिथेच उपडा ठेवायचा. घरातली बाकी सगळी भांडी आईच घासायची, ती चालत होती; पण तिच्या ओठांना लागलेला कप त्या भांड्यांत चालत नव्हता. मी एकदा विचारलं, तर आई म्हणाली, "चहा तोच शे, कप जुदा शे." एवढंच.

या कपाचा अर्थ मला पुष्कळ वर्षांनी एका चिनी कथेत सापडला. लू शुन हे आधुनिक चिनी कथेचे जनक मानले जातात. त्यांची 'नववर्षाचा नैवेद्य' ही कथा १९२४ सालची. तिची नायिका मोलकरीण आहे. तिला स्वतःचं नावही नाही. सगळे 'श्यांगलिनची बायको' म्हणतात. नवरा वारला म्हणून ती एका जमीनदार घरी कामाला लागते आणि गड्याच्या तोडीचं काम एकटी ओढते. पुढे सासरचे तिला बळजबरीने पळवून नेतात आणि डोंगरात दुसऱ्याला देऊन टाकतात. तो नवराही मरतो, मुलाला लांडगा नेतो. ती परत त्याच घरी कामाला येते. वर्षअखेरच्या पूजेची तयारी चालू असते. ती सवयीने पूजेची भांडी उचलायला जाते आणि मालकीण तिला थांबवते. दोनदा विधवा झालेल्या बाईचा हात पूर्वजांच्या नैवेद्याला कसा चालेल?

मग कुणीतरी तिला उपाय सांगतं: देवळाला उंबरा दान कर. हजारो लोक तो तुडवतील आणि तुझं पाप फिटेल. ती कष्टाची १२,००० नाणी त्या उंबऱ्यासाठी मोजते. आता आपण शुद्ध झालो, या आनंदात ती पुन्हा भांड्यांना हात घालते. मालकीण पुन्हा अडवते. त्या क्षणी ती बाई आतून मोडते. मालकीण तिला मारत नाही, उपाशी ठेवत नाही, पगारही बुडवत नाही. फक्त एका भांड्याला हात लावू देत नाही. माणूस मोडायला तेवढं पुरतं.

चिनी साहित्यात हा धागा फार जुना आहे. अठराव्या शतकात त्साओ श्युएछिन यांनी 'लाल दालनाचं स्वप्न' ही महाकादंबरी लिहिली. एका सरदार घराण्याच्या वाड्याची ही कथा, आणि त्या वाड्यात दासींचीच एक मोठी दुनिया आहे. चिनछ्वान नावाची दासी घरच्या मुलाशी थट्टेने दोन शब्द बोलते. मालकीण तिला थोबाडीत मारून हाकलते. पोरगी विहिरीत उडी घेते. पुढचं पाहा. मालकीण खरोखर रडते आणि मुलीच्या आईला रुपं देते, अंत्यविधीसाठी चांगले कपडे देते. दया आहे, पण जाब द्यावा लागत नाही. बा चिन यांच्या 'कुटुंब' या कादंबरीतही, म्हणजे १९३० नंतरच्या काळात, मिंगफंग ही दासी तळ्यात जीव देते, कारण तिला एका म्हाताऱ्याची रखेल म्हणून द्यायचं ठरलेलं असतं. तिच्यावर प्रेम करणारा मालकाचा सुशिक्षित मुलगा तेव्हा आपल्या नियतकालिकाच्या कामात गुंतलेला असतो. क्रांतीची भाषा बोलणाऱ्याला स्वतःच्या घरातली बाई दिसत नाही, हा बा चिन यांचा घाव आहे.

आता आपल्याकडे येऊ. आपल्या भाषेत काय आहे? १९६३ साली 'मोलकरीण' चित्रपट आला. सुलोचनाबाईंनी रंगवलेली आई मुलाच्याच घरी मोलकरीण होऊन राहते. आपण सगळे रडलो. पण रडलो कशासाठी? मोलकरणीसाठी की मोलकरीण झालेल्या आईसाठी? ती त्या घरची आई नसती, तर आपले डोळे तितकेच भरले असते का?

तेंडुलकरांचं 'कमला' १९८१चं. पत्रकार जयसिंग बाजारातून विकत घेतलेली आदिवासी बाई बातमीसाठी घरी आणतो. ती कमला त्याच्या बायकोला, सरिताला, निरागसपणे विचारते की त्याने तुला कितीला घेतलं. त्या एका प्रश्नाने मालकीण आणि दासी यांच्यामधली भिंत कोसळते. सरिताला आपली किंमत कळते. मात्र त्या नाटकात घरकाम करणारी कमलाबाईही आहे. तिला हा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि आपल्यालाही ती सहसा आठवत नाही.

भिंतीच्या पलीकडून दिसणारं चित्र आपल्याला दलित आत्मकथनांनी दिलं. बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'मध्ये लाकडाच्या मोळ्या विकायला गेलेल्या महार बाया आहेत. मोळी घेणारी घरमालकीण त्यांना लाकडं नीट तपासायला लावते. एखादा केस, लुगड्याचा एखादा धागा राहिला तर घर बाटेल. उर्मिला पवार यांच्या 'आयदान'मध्ये आईने विणलेली आयदानं पोहोचवायला गेलेली मुलगी दाराबाहेर उभी असते. लू शुनची मालकीण आणि ही मालकीण एकमेकींच्या बहिणी शोभाव्यात. फरक एवढाच, की इथे गोष्ट बाहेर उभी असलेली स्वतः सांगते. लू शुनच्या कथेत ती सांगणारा घरात उतरलेला शिकलेला पाहुणा आहे.

नव्या काळात असे आवाज इतरत्रही उमटले. गुरगावात घरकाम करणाऱ्या बेबी हालदार यांचं 'आलो आँधारि' २००२ साली हिंदीतून पुस्तकरूपाने आलं. ज्या घरी त्या काम करत, त्या घरच्या प्रबोधकुमारांनी त्यांच्या हाती वही दिली होती. २०१७ साली बीजिंगच्या कडेच्या कामगारवस्तीत राहणाऱ्या फान युसू या बाईचा लेख चीनभर वाचला गेला. ती एका श्रीमंताच्या घरी बाळ सांभाळायची. परक्या बाळाला निजवताना तिला आपल्या मुली आठवायच्या, कारण त्यांना निजवायला कुणी नव्हतं. तुमच्यापैकी कितीजणींना हे वाचायची गरजच नाही! सकाळी साडेसहाला भेस्तानहून निघून वेसू, पीपलोदला दुसऱ्यांच्या मुलांचे डबे भरणाऱ्या आया आपल्याच गल्लीत आहेत.

एक शब्द सांगते. चिनी लोक घरकाम करणाऱ्या बाईला 'आयी' म्हणतात. अर्थ काय? मावशी. आपण काय म्हणतो? मावशी! नातं दिलं की पगार, सुटी, आजारपणातली रजा हे बोलणं अवघड होतं. मावशीला कुणी महिन्याच्या चार सुट्या लिहून देतं का? पुण्यातल्या मोलकरणींनी १९८० साली संप केला, तेव्हा त्यांनी नात्याची नव्हे, कामाची भाषा वापरली. महाराष्ट्राने २००८ साली घरकामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. २०११ साली जिनिव्हात आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार स्वीकारला. या सगळ्यात 'मावशी' हा शब्द नाही, 'कामगार' हा आहे.

आता जे बोलायला आले, ते बोलते. आईच्या कष्टावर मी शिकले, शिक्षिका झाले, भेस्तानात स्वतःचा फ्लॅट घेतला. माझ्याकडे नंदुरबारकडची एक बाई कामाला येते. दोन वर्षांपूर्वी एका दुपारी चहा ओतताना माझा हात आपोआप वरच्या फळीकडे गेला. तिथे तिचा कप होता. स्टीलचा, वेगळा. तो कधी वेगळा झाला हे मला आठवेना. कुणी सांगितलं नव्हतं, मी ठरवलं नव्हतं. माझ्या आईचा तुटका कप माझ्याच स्वयंपाकघरात येऊन बसला होता.

मी तो काढून टाकला. ती म्हणाली, "राहू द्या ताई, मला सवय आहे." त्या वाक्याने मी जास्त खजील झाले. आणि कप बदलून मी सुटले असंही नाही. तिच्या पगारी सुट्यांचं बोलायला मला आणखी चार महिने लागले, कारण तिथे पैसे जाणार होते. कप बदलणं स्वस्त होतं.

मंडळी, पन्नास-साठ वर्षांपूर्वी तापी लाइनच्या गाडीने आलेली आपली घरं आज उंबऱ्याच्या दोन्ही बाजूंना आहेत. आपल्यातल्या काहींच्या आया अजून कामाला जातात, काहींच्या घरी बाया कामाला येतात, आणि पुष्कळ घरांत दोन्ही आहे. हा अनुभव मुंबई-पुण्याच्या लेखकाला सहज मिळणार नाही. म्हणून मंडळाला माझी एक विनंती आहे. पुढच्या अंकात काही पानं राखून ठेवा. सुरतेच्या घरांत आयुष्य घासलेल्या आपल्या आया, आत्या, काक्या अजून आहेत. त्यांच्यापुढे बसा, त्या सांगतील ते अहिराणीत सांगतील तर अहिराणीतच उतरवा. शुद्धलेखन नंतर पाहू.

माझी आई आता नाही. तिच्याकडे वही घेऊन मी कधी बसले नाही. तुमची असेल तर आज घरी गेल्यावर विचारा, तिचा कप कुठे ठेवलेला असायचा.