गाडी एका बाजूला झुकली, पण दोष कुठल्या चाकाचा?

(या आठवड्याच्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना अडखळलो होतो, ते काढून टाकलंय. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

हेडफोन लावलेत ना? आज जुन्या गाडीच्या पुढच्या सस्पेन्शनची उंची कशी तपासायची आणि कशी बदलायची, यावर बोलू. विषय ऐकायला कोरडा वाटेल, पण याच एका गोष्टीमुळे माझ्या बाबांनी आपली गाडी विकायचं जवळजवळ ठरवलं होतं.

गाडी म्हणजे अँबॅसडर, मार्क 2, 1974 सालची. अँबॅसडर ही मूळची इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज 3. पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाडा इथे ती 1950 च्या दशकाच्या शेवटापासून बनायला लागली आणि 2014 मध्ये उत्पादन थांबलं. एवढं सगळं बदललं तरी आमच्या गाडीच्या पुढच्या चाकांवर गोल स्प्रिंग नाही. तिथे आहे टॉर्शन बार.

टॉर्शन बार म्हणजे काय? ओला टॉवेल पिळताना तो उलट फिरून सुटायला बघतो ना, तसंच. एक लांब पोलादी दांडी. तिचं पुढचं टोक चाकाच्या खालच्या आर्मला जोडलेलं आणि मागचं टोक बॉडीखालच्या आडव्या भागात एका लीव्हरने पक्कं धरलेलं. चाक खड्ड्यातून वर उचललं की आर्म फिरतो, दांडी पिळली जाते आणि मग चाकाला परत खाली ढकलते. बस, एवढंच. मॉरिस मायनरमध्येही हीच पद्धत आहे.

आता एक गैरसमज आधी मोडून काढतो. बरेच जण म्हणतात, "बार थोडा कसून घे, गाडी कडक होईल." होत नाही. दांडी किती कडक हे तिची जाडी, लांबी आणि पोलाद ठरवतं. मागचा लीव्हर फिरवला की फक्त पिळ कुठून सुरू होतो ते बदलतं, म्हणजे गाडी वर किंवा खाली बसते. धक्के जास्त बसत असतील तर शॉकअब, बुश आणि टायरमधली हवा बघा. बारला उगाच हात लावू नका.

आता आमची गोष्ट. गाडी डावीकडे झुकलेली दिसायची. एका गॅरेजमध्ये दिली. त्यांनी पुढचा डावा बार एक दात फिरवला, गाडी सरळ दिसायला लागली, पैसे दिले, घरी आलो. मग पावसाळ्यात घाटात बाबांनी ब्रेक मारला. पुढचं उजवं चाक जाम झालं आणि गाडी डावीकडे, कठड्याच्या दिशेने ओढली गेली. लागलं कुणाला नाही. पण घरी आल्यावर बाबांनी किल्ली टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "आता मला या गाडीवर भरवसा नाही. गिऱ्हाईक बघ."

चाळीस वर्षं जी गाडी चालवली तिच्याबद्दल माणूस असं बोलतो तेव्हा वाईट वाटतं. म्हणून मी शेवटी स्वतः मोजायला बसलो. जे शिकलो ते क्रमाने सांगतो.

पहिली पायरी, जमीन. पार्किंगची फरशी सपाट दिसते, पण पाणी जाण्यासाठी तिला उतार दिलेला असतो. गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हलची नळी घ्या, पाणी भरा आणि चारही चाकांच्या जागा तपासा. जिथे खाली आहे तिथे फरशीचे तुकडे ठेवा. फोनमधलं लेव्हलचं ॲप चालेल का? अंदाजासाठी चालेल. पण अर्ध्या अंशाची चूक म्हणजे एका मीटरवर जवळजवळ 9 मिलीमीटर. आपण शोधतोय तो फरक कधीकधी तेवढाच असतो.

दुसरी पायरी, गाडीची तयारी. चारही टायरमध्ये बरोबर हवा. डिकी रिकामी, फक्त स्टेपनी जागेवर. आत कुणी बसायचं नाही. पेट्रोल किती आहे ते लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी तेवढ्यावरच मोजता येईल.

तिसरी पायरी सगळेच विसरतात. जॅकवरून उतरवलेली गाडी लगेच मोजायची नाही. जॅकवर असताना चाकं आतल्या बाजूला ओढली जातात. खाली आल्यावर टायर जमिनीला धरून राहतात आणि गाडी उगाच उंच दिसते. त्यामुळे गाडी आठ-दहा फूट पुढे-मागे ढकला, पुढून दोन-तीनदा दाबून सोडा, मग टेप काढा.

चौथी पायरी, मोजायचं कुठून? जमिनीपासून मडगार्डपर्यंत मोजलं तर टायरची झीजही त्यात येते. चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा, म्हणजे टायरचा प्रश्न सुटतो. पण पन्नास वर्षांच्या गाडीचं डेंटिंग किती वेळा झालंय कुणास ठाऊक. मडगार्डच वर-खाली असू शकतं. म्हणून दुसरं मापही घ्या. खालच्या आर्मचा बॉडीकडचा सांधा जमिनीपासून किती उंच आणि चाकाकडचा किती? डाव्या-उजव्या बाजूला या दोन आकड्यांमधला फरक सारखा यायला हवा. तुमच्या मॉडेलचं बरोबर माप काय, ते त्या गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये बघा. दुसऱ्याच्या गाडीचा आकडा उचलू नका.

पाचवी पायरी. इथेच आमच्या गाडीचं खरं दुखणं सापडलं.

डगमगणारं स्टूल आठवा. चार पायांपैकी एक आखूड आहे. पण तुम्ही कागदाची घडी भलत्याच पायाखाली सरकवली तर? स्टूल सरळ दिसेलही, पण वजन दोनच पायांवर जास्त येईल. गाडीचंही तसंच. डावी बाजू झुकली म्हणजे दोष पुढच्या डाव्या बारचाच असेल असं नाही. मागचे डावे पाटे बसले तरी सगळी बॉडी डावीकडे कलते.

मग ओळखायचं कसं? पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी उटी लावा. नीट लावा, कारण हँडब्रेक मागच्या चाकांवर असतो आणि मागची चाकं आता उचलायची आहेत. जॅक मागच्या ॲक्सलच्या मधोमध, डिफरन्शियलच्या गोळ्याखाली लावा आणि चाकं जमिनीपासून जेमतेम दोन बोटं उचला. आता गाडीचा मागचा भाग एकाच बिंदूवर आहे, त्यामुळे तो डावी-उजवीकडे झुकवू शकत नाही. जो काही कल उरला तो पुढच्या सस्पेन्शनचा. कल नाहीसा झाला तर दोष मागे. फक्त बघायचं आणि मोजायचं. या अवस्थेत कुणीही गाडीखाली जायचं नाही.

आमच्या गाडीत काय दिसलं माहितीये? पुढचा भाग चक्क उजवीकडे झुकला! जवळजवळ एका दाताइतकाच. म्हणजे मूळचे बार ठीक होते. गॅरेजने जो दात फिरवला तोच चुकला होता. मागे चिखल खरवडून बघितलं तर डाव्या पाट्यांमधला दुसरा पाटा तुटलेला. इतके दिवस पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक जास्त वजन झेलत होतं आणि पुढचं उजवं हलकं पडलं होतं. ओल्या रस्त्यावर हलकं चाक आधी जाम होतं. घाटात तेच झालं.

आता खरंच बार फिरवायची वेळ आली तर? दाताचा हिशोब समजून घ्या. समजा टोकावर 48 दाते आहेत. म्हणजे एक दात 7.5 अंश. आर्म 25 सेंटीमीटरचा धरला तर चाकाजवळ साधारण सव्वातीन सेंटीमीटर, म्हणजे सव्वा इंचाहून जास्त फरक. मोठी उडी आहे ही! 5-6 मिलीमीटरच्या फरकासाठी दात बदलू नका. मॉरिस मायनरच्या बऱ्याच गाड्यांत लीव्हरजवळ भोकांची पट्टी असते, तिच्यावर बारीक फेरफार होतो.

काम करताना बॉडी घोडीवर ठेवा, नुसत्या जॅकवर नाही. खालच्या आर्मखाली दुसरा जॅक द्या, मॅन्युअलमधल्या क्रमाने सांधा सोडवा आणि तो जॅक हळूहळू उतरवून बारचा पिळ पूर्ण जाऊ द्या. पिळलेल्या बारचा लीव्हर सोडलात तर तो हात मोडू शकतो. लीव्हर काढायच्या आधी दांडी आणि लीव्हर दोन्हींवर रंगाने खूण करा. छिन्नीने नाही! बारवर ओरखडा पडला की तिथूनच तडा सुरू होतो. डावा बार उजवीकडे लावायचा नाही, कारण वापरलेल्या बारला एकाच दिशेच्या पिळाची सवय झालेली असते. आणि पहिल्यांदा करत असाल तर हे काम केलेला एक माणूस शेजारी हवाच.

रबरी बुशांचे नट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी असताना. चाक लटकत असताना आवळले तर बुश कायमचा पिळलेला राहतो, लवकर फाटतो आणि माप पुन्हा बदलतं.

उंची बदलली की चाकांचे कोनही बदलतात, म्हणून अलाइनमेंट करा. हेडलाइटचा झोत तपासा. स्टिअरिंग पूर्ण वळवून ब्रेकचा रबरी पाइप ताणला जात नाही ना, तेही बघा.

आम्ही मागचे पाटे दुरुस्त करून घेतले. पुढचा बार एक दात परत आणला. बाबांच्या ओळखीचे एक जुने मिस्त्री शेजारी बसले, पाना माझ्या हातात. गाडी ढकलली, दाबली, मोजली. डाव्या-उजव्यात 4 मिलीमीटर फरक. मिस्त्री म्हणाले, "आता हात लावू नको."

मोकळ्या रस्त्यावर बाबांनी आधी हळू, मग जरा जोरात ब्रेक मारून बघितला. गाडी सरळ थांबली. ते काहीच बोलले नाहीत. घरी आल्यावर किल्ली टेबलावर न ठेवता शर्टाच्या खिशात घातली. गिऱ्हाइकाचा विषय पुन्हा निघाला नाही.

तर मंडळी, तुमच्याकडे झुकलेली गाडी असेल तर आधी टेप, मग जॅक आणि सगळ्यात शेवटी पाना. चारही कोपऱ्यांची मापं फोनमध्ये तारीख टाकून जपून ठेवा, सहा महिन्यांनी कामाला येतील. पुढच्या भागात बोलू लीव्हरवाल्या शॉकअबबद्दल. तोवर गाडी सांभाळून चालवा, भेटूच!