फुकटची फाईल आणि पोत्याच्या तळातला माल
(गणेशोत्सवानिमित्त मंडळात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आम्ही राज्य सरकारच्या कचेरीत काम करणारी, डिप्लोमा शिकलेली माणसं. दिवसभर कॉम्प्युटरसमोर असतो म्हणून शेजारीपाजारी बिघडलेले लॅपटॉप आमच्याकडे आणतात. बहुतेक वेळा दुखणं एकच निघतं. कुठून तरी फुकट उतरवलेली फाईल.

पूर्वी नाटकाची कॅसेट एका घरातून दुसऱ्या घरात जायची. १९९९ साली नॅपस्टर आलं आणि हीच देवघेव जगभर सुरू झाली. मध्ये दुकानदार नाही. माझ्या कॉम्प्युटरवरून थेट तुमच्या. २००१ मध्ये ब्रॅम कोहेन यांनी बिटटोरंट काढलं. त्यात मोठ्या फाईलचे तुकडे होतात, ते अनेकांकडून येतात आणि आपल्याकडचे तुकडे आपोआप इतरांना जातात. तंत्र वाईट नाही. लिनक्ससारख्या मोफत प्रणाली आजही याच वाटेने रीतसर वाटल्या जातात. प्रश्न मालाचा आहे.

आपल्या निपाणीच्या बाजारात पोतं कसं पारखतात, हे इथल्या ज्येष्ठांना सांगायला नको. वरचा माल चांगला म्हणून तळाचा चांगला असेलच असं नाही. काझा नावाच्या जाळ्यात नेमकी हीच फट होती. ते फाईल पूर्ण न तपासता मधले मधले भागच तपासायचं. न तपासलेल्या जागी कचरा भरून खोटी गाणी सोडणं त्यामुळे सोपं झालं. ओव्हरपीअर नावाची कंपनी तर गाण्यांच्या कंपन्यांसाठी अशा बनावट फायली मुद्दाम पसरवायची. २००२ मध्ये बेंजामिन नावाचा किडा याच जाळ्यात आला. लोकप्रिय गाण्यांची, चित्रपटांची नावं घेऊन तो स्वतःच्याच नकला मांडून ठेवायचा.

बिटटोरंट प्रत्येक तुकडा तपासतं, मग भीती कसली, असं मुलं विचारतात. ती तपासणी एवढंच सांगते की निघालेलं पोतं वाटेत उसवलेलं नाही. आत काय भरलं होतं, हे ती सांगत नाही. भरणाऱ्यानेच विष भरलं असेल, तर ते विष जसंच्या तसं पोचतं.

२०१८ पासून स्टॉप-डीजेव्हीयू नावाची खंडणीखोर प्रणाली अशीच पसरली. महागडं सॉफ्टवेअर फुकट चालवून देणाऱ्या ‘क्रॅक’मध्ये ती दडलेली असे. एकदा चालवली की फोटो, पत्रं, हिशेब सगळं कुलूपबंद. मागणी ९८० डॉलरची, ७२ तासांत दिले तर निम्मे. २०१९ च्या ऑक्टोबरात एम्सिसॉफ्ट कंपनीने १४८ प्रकारांसाठी मोफत किल्ली काढली, पण नंतरच्या अनेक प्रकारांना ती लागत नाही.

आपल्या भागात हे जास्त का बोचतं? आपल्या घरांत आजोबांच्या वेळची मराठी खरेदीखतं आहेत, जुने उतारे आहेत, लग्नातले फोटो आहेत. ते स्कॅन करून आपण एकाच कॉम्प्युटरवर ठेवतो. ते गेलं, तर पुन्हा कुठल्या कचेरीत मिळेल याची खात्री नाही. दोन हजारांचं सॉफ्टवेअर वाचवताना आपण पिढ्यांचा ठेवा पणाला लावतो.

दुसरी बाजूही आहे. ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ ला प्रदर्शित झाला आणि थोड्याच दिवसांत इंटरनेटवर फुटला. बेळगावात मराठी चित्रपट चालावा असं आपण म्हणतो. मग तिकीट काढून तो पाहायला हवा. २०२३ च्या दुरुस्तीनंतर चित्रपटाची चोरून नक्कल करणं आणि ती प्रसारित करणं, यासाठी तीन महिने ते तीन वर्षं तुरुंगवास आहे.

आता करायचं काय? पहिलं, फाईलचं शेपूट पाहा. विंडोज ते लपवतं. सेटिंगमध्ये जाऊन दिसू द्या. नावात चित्रपट आणि शेवटी ‘ईएक्सई’ असेल, तर तो चित्रपट नव्हे. दुसरं, आकार पाहा. अडीच तासांचा चित्रपट दोन एमबीत मावत नाही. तिसरं, ‘अँटीव्हायरस बंद करा, मग चालेल’ असं लिहिलेलं दिसलं की तिथेच थांबा. चौथं, व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका किंवा वाहनाचा दंड म्हणून ‘एपीके’ फाईल आली, तर पाठवणारा पाहुणा असला तरी उघडू नका. आधी फोन करा. त्याचाच मोबाईल दुसऱ्याच्या हातात गेलेला असू शकतो. पाचवं, महत्त्वाच्या कागदांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवा आणि काम झालं की ती डिस्क काढून कपाटात ठेवा.

घात झालाच तर इंटरनेट तोडा, खंडणी देऊ नका. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा. बँक कोल्हापूरची, सिम बेळगावचं, म्हणून थांबू नका. हा क्रमांक सीमेच्या दोन्ही बाजूंना एकच आहे. कर्नाटकात प्रत्येक जिल्ह्यात सायबर गुन्ह्यांसाठी पोलीस ठाणं आहे. सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राची सफाईची साधनंही मोफत मिळतात.

मंडळाला एक विनंती. विसर्जनानंतरच्या पहिल्या रविवारी तरुण कार्यकर्त्यांनी दोन तास द्यावेत. ज्येष्ठांनी जुने कागद आणि फोटो आणावेत, तरुणांनी त्यांची दुसरी प्रत करून द्यावी. खर्च एका डिस्कचा, आणि राखला जाईल तो घराघरांतला ठेवा.

गणपती बाप्पा मोरया!