चुलीजवळची विद्या

(धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेत केलेले भाषण)



ज्युबिलीच्या प्रसंगी देवळाच्या भिंती कोणी उभारल्या, घंटा कोणी अर्पण केली, वेदीसाठी कोणी देणगी दिली, त्यांची नावे आपण आदराने घेतो, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या चुलींवरील अन्नाने ते बांधणारे हात पोसले गेले, त्या चुली कोणाच्याच स्मरणात राहत नाहीत. म्हणून आज आम्ही देणगीदारांविषयी बोलणार नाही. चुलीजवळच्या कामाला विद्यापीठात मानाची जागा मिळावी म्हणून जिने आपले आयुष्य वेचले, अशा एका प्राध्यापिकेचे चरित्र आपणांपुढे ठेवणार आहोत.

आरंभी आमची स्वतःची एक चूक कबूल करणे प्राप्त आहे. काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ आपल्या मुलीस घेऊन आमच्याकडे आले. मुलगी चांगल्या गुणांनी पास झाली होती आणि तिला गृहविज्ञानाच्या कॉलेजात जावयाचे होते. बाप म्हणाले, "फादर, भात रांधायला शिकण्यासाठी का कॉलेजाची फी भरायची? ते तिची आई फुकट शिकवील." आम्ही हसलो आणि त्यांचीच री ओढली. मुलगी खाली मान घालून निघून गेली. पुढे जेव्हा आम्ही फ्लेमी किट्रेल या बाईंचा वृत्तांत वाचला, तेव्हा ते हसू आम्हांस आठवले व त्याची लाज वाटली.

किट्रेलबाईंचा जन्म 1904 सालच्या 25 डिसेंबर रोजी, म्हणजे ऐन नाताळच्या दिवशी, अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यातील हेन्डरसन गावी झाला. आईबाप कृष्णवर्णीय व चेरोकी या आदिवासी कुळातील पूर्वजांचे वंशज होते. दुसऱ्याच्या जमिनीत बटाईने राबावे आणि पिकाचा वाटा मालकास द्यावा, हा त्यांचा व्यवसाय. घरात मुले नऊ. त्या काळी त्या भागात काळ्यांची शाळा निराळी, गोऱ्यांची निराळी, आणि काळ्यांच्या शाळेच्या वाट्यास जे उरेल ते. अशा घरातील मुलीने गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांसाठी 1868 साली स्थापन झालेल्या हॅम्प्टन येथील संस्थेत शिकून 1928 साली पदवी मिळविली.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. किट्रेलबाईंना प्रथम गृहविज्ञान नकोच होते. राज्यशास्त्र किंवा अर्थशास्त्र यांकडे त्यांचा ओढा होता. घरकामात शिकण्यासारखे ते काय, असेच त्यांनाही वाटे. मग एलन स्वॅलो रिचर्ड्‌स या विदुषींचे चरित्र त्यांच्या वाचनात आले. या रिचर्ड्‌सबाई रसायनशास्त्रज्ञ होत्या. पिण्याचे पाणी शुद्ध आहे की नाही, बाजारातील अन्नात भेसळ किती, याची त्यांनी प्रयोगशाळेत परीक्षा केली, आणि 1908 साली स्थापन झालेल्या अमेरिकन गृहविज्ञान संघाच्या त्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. ते चरित्र वाचून तरुण फ्लेमीच्या लक्षात आले की, घर हे शास्त्राच्या बाहेरचे स्थळ नव्हे. उलट, जेथे शास्त्राची गरज सर्वांत अधिक आणि पोच सर्वांत कमी, असे स्थळ म्हणजे घर होय.

पदवीनंतर त्या ग्रीन्सबरो येथील बेनेट कॉलेजात शिकवू लागल्या. शिकविता शिकविता त्यांनी कॉर्नेल विद्यापीठात पुढील अध्ययन केले व 1936 साली डॉक्टरची पदवी घेतली. आहारशास्त्रात ही पदवी मिळविणाऱ्या त्या पहिल्या आफ्रिकन-अमेरिकन स्त्री होत. त्यांच्या प्रबंधाचा विषय कोणता होता? नॉर्थ कॅरोलायनातील एका वस्तीत कृष्णवर्णीय माता आपल्या तान्ह्या मुलांना काय व कसे भरवितात, हा. एवढ्या मोठ्या विद्यापीठात जाऊन ही मुलगी आपल्याच लोकांच्या पाळण्यापाशी परत आली. विद्येचा याहून सरळ उपयोग आम्हांस तरी ठाऊक नाही.

पुढे चार वर्षे हॅम्प्टन येथे काम करून 1944 साली त्या वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात गृहविज्ञान विभागाच्या प्रमुख झाल्या आणि निवृत्त होईपर्यंत, सुमारे अठ्ठावीस वर्षे, तेथेच राहिल्या. विभागास स्वतःची इमारत असावी यासाठी त्यांनी दीर्घकाळ खटपट केली, तेव्हा कोठे ती 1963 साली उभी राहिली. देवळाचे छप्पर दुरुस्त करण्यासाठी दारोदार फिरलेल्या आपल्या मंडळींना अशा धीराचे मोल सांगावयास नको.

1947 साली त्या पश्चिम आफ्रिकेतील लायबेरिया देशात लोकांच्या आहाराची पाहणी करण्यास गेल्या. तेथे त्यांना जे दिसले त्यास त्यांनी "लपलेली भूक" असे म्हटले. पोट भरलेले असते, परंतु शरीर उपाशी असते. भात व कसाव्याचे कंद खाऊन लोक तृप्त होत, पण त्यात प्रथिने व जीवनसत्त्वे अपुरी असत.

बंधुभगिनींनो, ही भूक केवळ आफ्रिकेत राहते असे समजू नका. तांदूळ अतिशय सडला म्हणजे कोंड्याबरोबर त्यातील बी-एक हे जीवनसत्त्व निघून जाते. भात वेळून पेज ओतून दिली की उरलेसुरलेही वाहून जाते. भाजी आधी चिरून मग धुतली तर तिचेही तेच होते. गरिबाची म्हणून जी नाचणी आपण ताटातून उठविली, तिच्यात हाडांना लागणारा चुना तांदुळापेक्षा कितीतरी पट आहे. लेकरू रडत नाही, ताट रिकामे आहे, म्हणून आई समाधान मानते. आणि लपलेली भूक आपले काम करीत राहते. ही भूक डोळ्यांना दिसत नाही, ती विद्येलाच दिसते. भात रांधणे आई शिकवील, हे त्या गृहस्थांचे म्हणणे खरे होते. परंतु त्या भातात काय उरले व काय गेले, हे आईला कोणी शिकविले होते?

आता या चरित्राचा आपल्या देशाशी जो संबंध आहे तो सांगतो. 1950 साली किट्रेलबाई फुलब्राइट शिष्यवृत्तीवर बडोद्यास आल्या. महाराजा सयाजीराव विद्यापीठ नुकतेच, 1949 साली, स्थापन झाले होते. श्रीमती हंसा मेहता त्याच्या कुलगुरू होत्या. तेथील गृहविज्ञानाच्या कॉलेजाची घडी बसविण्याच्या कामी किट्रेलबाईंनी हातभार लावला, आणि 1953 साली त्या पुन्हा भारतात आल्या. ज्यांच्या नावाचे ते विद्यापीठ, ते सयाजीराव महाराज मूळचे आपल्या नाशिककडील कवळाणे गावचे. त्यांच्याच शिष्यवृत्तीवर डॉक्टर आंबेडकर 1913 साली अमेरिकेस गेले, आणि त्याच बडोद्यात 1917 साली, ते नोकरीस आले असता, अस्पृश्य म्हणून त्यांना राहावयास जागा मिळेना. त्या शहरात, आपली राज्यघटना अमलात आली त्याच वर्षी, बटाईदाराची कृष्णवर्णीय कन्या विद्यापीठाची मार्गदर्शक म्हणून आली. आणि तिच्या स्वतःच्या राज्यात त्या वेळीही काळ्या मुलास गोऱ्याच्या शाळेत पाऊल टाकता येत नव्हते! अपमान दोन्ही देशांत होता. त्यावर उपाय म्हणून तिने सोबत विद्या आणली, कटुता आणली नाही.

1964 पासून हॉवर्ड येथे त्यांनी गरीब घरच्या लहान मुलांसाठी दोन वर्षांची बालशाळा चालविली. तीत मुलांबरोबर आईबापांनाही सामील करून घेतले, कारण मूल सुधारावयाचे तर घर सोबत आले पाहिजे. पुढच्याच वर्षी अमेरिकन सरकारने गरीब बालकांसाठी 'हेड स्टार्ट' ही योजना देशभर सुरू केली. तिची वाट तयार करण्यात अशा प्रयोगांचा वाटा होता. 1980 च्या ऑक्टोबरात किट्रेलबाई निवर्तल्या.

हे चरित्र सांगण्यात आमचा हेतू एवढाच की, ज्या कामास आपण हलके म्हणतो ते काम हलके नाही; आपण ते अज्ञानावर सोडून दिले म्हणून ते हलके दिसते. वेदीवर आपण भाकर ठेवतो आणि तिला पवित्र मानतो. मग घरच्या ताटातील भाकरीकडे बेपर्वाईने पाहण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला? आणि हे ज्ञान केवळ मुलींचे, असेही समजू नका. खाणारा पुरुष असेल तर जाणणाराही पुरुष असावा.

ज्या मुलीस आम्ही हसून परत पाठविले, तिने पुढे दुसरा विषय घेतला. ती आज या सभेत नाही. परंतु या वर्षीही कोणी ना कोणी मुलगी निकाल हाती घेऊन आपल्या बापापुढे उभी राहील. त्या बापांना आमची विनंती आहे की, त्यांनी तिला आमच्याकडे अवश्य आणावे. या खेपेस आम्ही हसणार नाही. फॉर्म भरण्यास आम्ही स्वतः तिच्याबरोबर जाऊ.

आपल्या सर्वांच्या घरांवर व चुलींवर देवाची कृपा असो.