बारव आधी गावाची, मग पाहुण्यांची

आज कर्ज, हप्ते आणि व्याजाचा हिशोब जरा बाजूला ठेवू आणि बारवेबद्दल बोलू. शेवटी गोष्ट आपल्या कमाईपाशीच येणार आहे.

बारव म्हणजे पायऱ्यांची दगडी विहीर. आपल्या आज्या-पणज्या हंडा-कळशी घेऊन याच पायऱ्या उतरल्या. पुढे नळ आले, बोअर झाले, आणि बारवेत गाळ, झुडपं आणि कचरा साठत गेला. आता त्याच बारवा बघायला शहरातून लोक येऊ लागलेत. साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटेची विहीर बघायला लांबलांबून गाड्या येतात. ही विहीर १७१९ ते १७२४ या काळात एका बाईनं बांधून घेतली. त्यांचं नाव वीरूबाई भोसले. विहीर अष्टकोनी आहे, आत छोटा महाल आहे, वर मोटांच्या जागा आहेत. पण हा सगळा थाट आमराईला पाणी मिळावं म्हणून होता, हे विसरायचं नाही.

परभणी जिल्ह्यातल्या वालूरची चक्राकार बारव गावकऱ्यांनी श्रमदानानं मोकळी केली. तिथं आधी गाळ निघाला, मग पाहुणे आले. आम्हांला हाच क्रम बरोबर वाटतो.

आता आमच्या गावाचं सांगतो. बारवेच्या दरजा सिमेंटनं भरून पायऱ्यांना ऑइलपेंट द्यावा, म्हणजे जागा चकाचक दिसेल, असं काहीजण म्हणतात. आम्ही गटातल्या बायकांनी याला नको म्हटलंय. जुन्या बांधकामातला चुना ओल बाहेर सोडतो. सिमेंट ती अडवतं. मग ओल आणि क्षार दगडातच राहतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. रंगाचंही तेच. चुना भिजवायला, मळायला, वाळायला वेळ लागतो, जाणता गवंडी शोधावा लागतो. लागू दे. आणि बारव संरक्षित स्मारक असेल, तर पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय दगड हलवायचा नाही.

झाडं काढतानाही सांभाळायचं. पिंपळाची मुळी ओढली की तिच्यासोबत चिराही निखळतो. आधी फांद्या छाटायच्या, मुळी जाणकाराला विचारून मारायची.

मैत्रिणींनो, पाहुणा आला की आपल्या भाकरीला, पिठल्याला, शेंगदाण्याच्या चटणीला, गोधडीला गिऱ्हाईक मिळतं. पण पाहुणा कचराही टाकतो, पाणीही वापरतो. म्हणून आमच्या गटांनी काही गोष्टी आधीच ठरवल्यात. जेवण स्टीलच्या ताटात किंवा पत्रावळीवर, प्लास्टिक नाही. बायकांसाठी स्वच्छतागृह झाल्याशिवाय गावाची जाहिरात नाही. निर्माल्य पाण्यात नाही. पावसाळ्यात शेवाळ धरलं की खालच्या पायऱ्यांवर कुणाला सोडायचं नाही. बारवेची माहिती सांगायला गावच्याच पोरी तयार करायच्या आणि त्याचे पैसे त्यांच्याच खात्यात जमा करायचे. प्रत्येक ताटामागं थोडी रक्कम बारवेच्या डागडुजीसाठी वेगळी काढायची. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं, तर पहिला हक्क गावाच्या गुराढोरांचा आणि माणसांचा.

गेल्या काही वर्षांत महाशिवरात्रीला ठिकठिकाणी बारवांवर दिवे लावले जातात. फार सुंदर दिसतं ते. पण दुसऱ्या दिवशी सांडलेलं तेल पुसायला आणि पणत्या गोळा करायलाही माणसं हवीत. तुमच्या गावात दिवे लावायचे असतील, तर या कामाची नावं आधी लिहून ठेवा.

येत्या ग्रामसभेत आम्ही ठराव मांडणार आहोत की बारवेचं काम चुन्यातच व्हावं आणि देखरेख समितीत निम्म्या बायका असाव्यात. निधी परत जाईल, घाई करा, असं आम्हांला ऐकवलं जातंय. तीनशे वर्षं टिकणारं काम बायकांनी करवून घेतलेलं आहे, तेव्हा आपण दोन महिने थांबू शकतो. तुमच्या गावात बारव असेल, तर गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय वहीत लिहा आणि ग्रामसभेला चार जणी मिळून जा. एकटीचं बोलणं हवेत जातं, चौघींचं इतिवृत्तात येतं.