यादीत गोधडीचा फोटो



पापड-मसाल्याची यादी करणे सोपे. नाव, वजन, भाव, झाले. गोधडीचे तसे नाही. ‘दुहेरी गोधडी, लाल काठ’ असे लिहिले तर आमच्या ग्रामसंघात तशा सात निघतील, आणि सातही वेगळ्या. गिऱ्हाइकाने नेमकी कोणती मागितली आणि पैसे कोणाच्या खात्यावर जायचे, हे तेवढ्या शब्दांवरून कळत नाही. म्हणून एक्सेलमधल्या यादीत प्रत्येक ओळीसमोर त्या गोधडीचा फोटो हवा.

दहा-बारा फोटो हाताने बसवता येतात. शंभर झाले की कंटाळा येतो, आणि कंटाळ्यात एकीच्या ओळीत दुसरीचा फोटो जातो. तिथे मॅक्रो कामाला येतो. मॅक्रो म्हणजे कॉम्प्युटरला लिहून दिलेल्या सूचना. यालाच मुले कोड म्हणतात. सूचना साध्या असतात. ओळीतला नंबर वाच, फोल्डरमध्ये त्या नंबराचा फोटो शोध, सापडला तर शेजारच्या चौकटीत मावेल एवढा करून ठेव, नाही सापडला तर ‘फोटो नाही’ लिही, मग खालच्या ओळीवर जा. गटातल्या कोणाच्या मुलीला, सुनेला कॉम्प्युटर येत असेल तर ती वीसेक ओळींत हे लिहू शकते.

खरे काम त्याच्या आधीचे, आणि ते आपले. गोधडीच्या कोपऱ्याला नंबराची चिंधी टाचायची, फोटो काढायचा, फाइलला तोच नंबर नाव म्हणून द्यायचा. नंबर दोन्हीकडे इंग्रजी आकड्यांतच टाका. आपल्याला मराठी बारा आणि इंग्रजी बारा एकच; कॉम्प्युटरला ती दोन वेगळी नावे.

आता नीट ऐका. कोड फोटो दोन तऱ्हांनी ठेवतो. एक, फोटो फाइलीच्या आत साठवतो. दुसरी, फोटो कुठे आहे तो पत्ता तेवढा लिहून ठेवतो. आपल्या मशीनवर दोन्ही सारखेच दिसतात. पण पत्त्याची फाइल दुसऱ्याकडे गेली की त्याच्या मशीनवर तो फोल्डर नसतो, आणि गोधडीच्या जागी रिकामी चौकट दिसते. कोड लिहिणारीला स्पष्ट सांगा, ‘लिंक नको, फोटो आत साठव.’ आणि गिऱ्हाइकाला पीडीएफ करून पाठवा. मॅक्रोची फाइल उघडायला लोक बिचकतात, आणि ते बरोबरच आहे. अनोळखी माणसाकडून आलेला मॅक्रो आपणही चालवू नये.

मोबाइलचा फोटो काही एमबींचा असतो. तसे शंभर फोटो आत घातले की फाइल उघडता उघडत नाही, म्हणून ते आधी लहान करून घ्या. कोड पुन्हा चालवायचा तर जुने फोटो आधी पुसायला सांगा, नाहीतर गोधडीसारखे थरावर थर बसतात.

आमच्याकडे या यादीची रंगीत प्रत बैठकीत फिरते. रंगीत छपाई महाग पडते, तरी आम्ही ती काढतोच. अक्षरओळख नसलेल्या मावशी पानावर बोट ठेवून म्हणतात, “ही माझी. हिचा भाव एवढा कमी का लावला?” मग त्या भावावर तिथेच चर्चा होते.

पुढच्या बैठकीला येताना पेनड्राइव्ह आणा, कोडची फाइल त्यात घालून देऊ.