मातीविना बेसिल : द्रावणाचा हिशेब



बेसिल ही आपल्या सब्ज्याचीच जात. ती मातीशिवाय, पाण्यावर वाढवू पाहणारे तरुण भेटले की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘फॉर्म्युला कोणता?’ मी त्यांना उलट विचारतो, ‘पाणी कोणते?’

कॅलिफोर्निया विद्यापीठात हॉगलंड आणि आरनॉन यांनी 1938 साली प्रसिद्ध केलेले द्रावण आजही जगभर वापरतात. पूर्ण तीव्रतेला त्यात लिटरमागे 210 मिलिग्रॅम नत्र, 235 पोटॅशियम आणि 200 कॅल्शियम असते. बेसिलला एवढे लागतच नाही. आयोवा स्टेट विद्यापीठातल्या प्रयोगांत ईसी, म्हणजे द्रावणाची विद्युतवाहकता, 0.5 पासून 4 पर्यंत बदलून पाहिली, तरी वाढीतला मुख्य फरक प्रकाशाने पडला. पाने खुरटली की खत वाढवण्याआधी सावली मोजा.

आता हिशेब. समजा, लिटरमागे 160 मिलिग्रॅम कॅल्शियम हवे. शुद्ध पाण्यात ते 840 मिलिग्रॅम कॅल्शियम नायट्रेटमधून येते आणि सोबत 130 मिलिग्रॅम नत्र मिळते. पण आपल्या काळ्या कातळातल्या बोअरचे पाणी पुष्कळदा जड असते. त्यातच 80 मिलिग्रॅम कॅल्शियम असेल, तर खत निम्मे होते आणि नत्रही 65 ने घटते. ही तूट 13:00:45 ने, म्हणजे पोटॅशियम नायट्रेटने, भरायची, तर ते 500 मिलिग्रॅम लागते. त्यातून 185 मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम येते. पोटॅशियमची अशी गर्दी झाली की मुळांना मॅग्नेशियम कमी मिळते, आणि जुन्या पानांच्या शिरांमधला भाग पिवळा पडतो. बेसिलचे तर पानच विकायचे असते!

वाट त्याच पाण्यात आहे. जड पाण्यात बायकार्बोनेट असते. ते सामू वर ढकलते, म्हणून आम्ल घालावेच लागते. ते नायट्रिक आम्ल असेल, तर दर 61 मिलिग्रॅम बायकार्बोनेट मोडताना 14 मिलिग्रॅम नत्र पदरात पडते. 183 मिलिग्रॅम मोडले की 42 मिलिग्रॅम नत्र भरून निघाले. मग 13:00:45 पावणेदोनशे मिलिग्रॅमच पुरते. थोडे बायकार्बोनेट मात्र शिल्लक ठेवा, नाहीतर सामू एकदम कोसळतो. तो 5.5 ते 6.5 मध्ये राहावा. आणि आम्ल पाण्यात ओतायचे, पाणी आम्लात कधीच नाही.

खतांची तीव्र द्रावणे दोन वेगळ्या टाक्यांत का ठेवतात, हे बहुतेकांना ठाऊक असते: कॅल्शियम आणि सल्फेट एकत्र आले की जिप्समचा साका बसतो. ईसी मीटरवरचा विश्वास मात्र मला धोक्याचा वाटतो. तो एकूण क्षार दाखवतो, कोणते ते सांगत नाही. फिरत्या पाण्यात झाड नायट्रेट उचलते, सोडियम मागे साचत जाते, आणि आकडा तोच राहतो.

तेव्हा खताची पोती घेण्याआधी पाण्याची बाटली प्रयोगशाळेत द्या. अहवालात कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम आणि बायकार्बोनेट हे चार आकडे मागून घ्या, आणि मगच द्रावण ठरवा.