जल, जंगल, जमीन : पदवीनंतर कोठे शिकावे?

(सोसायटीच्या वार्षिक मेळाव्यात पालक व विद्यार्थी यांच्यापुढे दिलेले व्याख्यान)



नैसर्गिक साधनसंपत्तीचे व्यवस्थापन हा विषय शिकायचा असेल तर पदवीनंतर कोणत्या विद्यापीठात जावे, यावर मी बोलावे असे आपण सुचविले. आपल्या समाजातील मुलगा पदवीधर झाला की घरात दोनतीनच वाटा बोलल्या जातात. बी. एड. करावे, संगणकाचा कोर्स करावा, नाही तर आखातात नोकरी पाहावी. या वाटा वाईट नाहीत. पण ज्या मुलाला जंगलाची, समुद्राची, मातीची ओढ आहे त्याला पुढचा रस्ता सांगणारे घरात बहुधा कोणी नसते. तो रस्ता आज जमेल तेवढा दाखवावा, असा माझा विचार आहे.

प्रथम विषय समजून घेऊ. आपल्या कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तरीही एप्रिल-मे महिन्यांत कित्येक वाड्यांवर टँकर येतो. समुद्र दाराशी आहे, पण लहान होडीवाल्याच्या जाळ्याला मासळी लागत नाही. पर्ससीन जाळ्यांवर महाराष्ट्र शासनाने २०१६ साली निर्बंध घातले, त्यामागे हेच दुखणे होते. पाणी, मासळी, माती आणि वन ही संपत्ती किती आहे, ती कोणी, किती आणि कधी वापरावी, म्हणजे पुढच्या पिढीलाही ती पुरेल, हे ठरविण्याचे शास्त्र म्हणजे हा विषय. आपल्याला तो परका वाटण्याचे कारण नाही. जमीन ही माणसाकडे सोपविलेली अमानत आहे आणि वाहत्या नदीकाठी वुजू करणाऱ्यानेही पाणी वाया घालवू नये, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

आता एक उदाहरण घ्या. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गोंड आदिवासींच्या गावाला वनहक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला आणि गावाने आपला बांबू स्वतः विकला. या एका गोष्टीत किती प्रकारची कामे आहेत पाहा. जंगलात बांबू किती आहे, दर वर्षी किती तोडला तर तो पुन्हा वाढेल, हे सांगणारा वनशास्त्रज्ञ लागतो. लिलाव, हिशेब आणि मजुरी पाहणारा व्यवस्थापक लागतो. आणि कायदा व ग्रामसभा जाणणारा माणूसही लागतो. तिघेही नैसर्गिक साधनसंपत्तीचेच काम करतात. मात्र तिघे वेगवेगळ्या ठिकाणी शिकलेले असतात.

म्हणून विद्यार्थी मित्रांनो, विद्यापीठांची यादी हाती घेण्यापूर्वी पहिला प्रश्न स्वतःला विचारा : मला कोणत्या संपत्तीचे काम करायचे आहे, आणि कोणत्या बाजूने? शास्त्राच्या, व्यवस्थापनाच्या की समाज आणि कायद्याच्या बाजूने?

शास्त्राच्या बाजूने जाणाऱ्यासाठी देहरादून हे जुने केंद्र आहे. तेथील वनसंशोधन संस्था १९०६ साली स्थापन झाली आणि १९९१ पासून तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा आहे. वनशास्त्र, लाकूडशास्त्र, पर्यावरण व्यवस्थापन असे एम. एस्सी.चे वर्ग तेथे चालतात. त्याच गावात १९८२ साली सुरू झालेली भारतीय वन्यजीव संस्था आहे. तेथे विद्यार्थी थोडे आणि जंगलातले काम भरपूर. मासळीच्या क्षेत्रात जायचे तर मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे. ती १९६१ ची. मत्स्यसंपत्तीचे व्यवस्थापन ही तेथे पदव्युत्तर शिक्षणाची स्वतंत्र शाखाच आहे. दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ १९७२ साली स्थापन झाले. वनशास्त्राचे शिक्षण तेथे मिळते आणि रत्नागिरीला शिरगावचे मत्स्य महाविद्यालय त्याच विद्यापीठाचे आहे. मृद व जलसंधारणाच्या अभियांत्रिकीसाठी राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे.

व्यवस्थापनाच्या बाजूने जाणाऱ्याने भोपाळच्या भारतीय वन व्यवस्थापन संस्थेची माहिती घ्यावी. ती १९८२ साली स्थापन झाली. आणंदची ग्रामीण व्यवस्थापन संस्था १९७९ ची. २०२५ च्या कायद्याने तिचे त्रिभुवन सहकारी विद्यापीठ झाले. समाजाच्या आणि विकासाच्या बाजूने पाहायचे तर टाटा समाजविज्ञान संस्थेचे तुळजापूर केंद्र दुष्काळी मुलखातच आहे. मुंबईच्या आय. आय. टी.मध्ये तंत्रज्ञान आणि विकास या विषयाचे एम. टेक. आहे, त्यात विद्यार्थ्याला खेड्यात जाऊन राहावे आणि काम करावे लागते.

ही यादी संपूर्ण नाही. एकाच विषयाला किती दारे आहेत आणि प्रत्येक दार वेगळ्या कामाकडे कसे नेते, एवढे ध्यानात यावे म्हणून ती सांगितली.

दुसरा प्रश्न पात्रतेचा आणि मान्यतेचा. येथे फार विद्यार्थी ठेचकाळतात. मत्स्यशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गाला सामान्यतः चार वर्षांची मत्स्यशास्त्राची पदवी लागते. नुसते प्राणिशास्त्राचे बी. एस्सी. बहुतेक शाखांना चालत नाही. भारतीय वन सेवेच्या परीक्षेला पदव्युत्तर शिक्षणाची अट नाही, पण पदवीच्या विषयांची आहे. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायन, भौतिक, भूगर्भशास्त्र, गणित, संख्याशास्त्र, पशुवैद्यक यांपैकी एखादा विषय, किंवा कृषी, वनशास्त्र अथवा अभियांत्रिकीची पदवी हवी. फक्त इतिहास किंवा मराठी घेऊन बी. ए. झालेल्या मुलाला ती परीक्षा देता येत नाही. म्हणजे हा निर्णय बारावीनंतरच निम्मा होऊन जातो. आठवी-नववीतल्या मुलांच्या पालकांनीही हे व्याख्यान ऐकावे, असा आग्रह मी धरला तो यासाठी.

मान्यतेची चौकशी माहितीपत्रकावर विसंबून करू नका. विद्यापीठ अनुदान आयोग, तंत्रशिक्षण परिषद किंवा भारतीय कृषी अनुसंधान परिषद यांच्या यादीत नाव पाहा. पदवी कोणत्या विद्यापीठाच्या नावाने मिळणार, हे लेखी विचारा. 'पर्यावरण' हा शब्द आज बाजारात चालतो, तेव्हा त्या नावाचे वर्ग पुष्कळ निघाले आहेत. नावावर जाऊ नका.

तिसरा प्रश्न गुरूचा आणि प्रत्यक्ष कामाचा. माझ्या मते हा सर्वांत महत्त्वाचा आहे आणि तो समजायला डॉ. सलीम अली यांच्या आयुष्यासारखा दुसरा धडा नाही. १८९६ साली मुंबईत जन्मलेल्या या माणसाजवळ विद्यापीठाची रीतसर पदवी नव्हती. झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियातील पक्षिशास्त्रज्ञाची जागा त्यांना त्यामुळे मिळाली नाही. पुढे मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये ते निसर्ग विभागात मार्गदर्शक म्हणून काम करू लागले. पण आपले ज्ञान अपुरे आहे हे ओळखून ते बर्लिनला गेले, कारण एर्विन श्ट्रेझेमान हे त्या काळचे मोठे पक्षिशास्त्रज्ञ तेथील प्राणिशास्त्रीय म्युझियममध्ये होते. परत आले तेव्हा पैशाअभावी म्युझियममधली त्यांची जागाच रद्द झाली होती. तेव्हा त्यांनी आपल्या कोकणातल्या किहीम गावी मुक्काम ठोकला आणि सुगरण पक्ष्याच्या विणीचा अभ्यास केला. त्या अभ्यासाने त्यांचे नाव शास्त्रज्ञांमध्ये झाले.

यातून दोन गोष्टी घ्याव्यात. पदवी नसल्याने दार बंद होऊ शकते, म्हणून पदवीची हेळसांड करू नये. आणि पदवी मिळाली तरी काम शिकविणारा गुरू आणि काम करण्याची जागा हवीच. तेव्हा कोणत्याही विद्यापीठाचा अर्ज भरण्यापूर्वी पुढील चौकशी करा. तुमच्या आवडीच्या विषयावर तेथे प्रत्यक्ष काम करणारे अध्यापक आहेत काय? त्यांचे अलीकडचे काम कोणत्या गावात, कोणत्या जंगलात चालू आहे? दोन वर्षांपैकी किती महिने वर्गाबाहेर काढावे लागतात? प्रबंध लिहावा लागतो की नुसत्या परीक्षाच आहेत? गेल्या तीनचार वर्षांत शिकून गेलेले विद्यार्थी आज कोठे काम करतात? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर कार्यालयात मागू नका. तेथे शिकून गेलेल्या दोघातिघांना गाठून विचारा. ते खरे सांगतील.

परदेशी जाण्याचा विचार असेल तर हा तिसरा प्रश्न पैशाशीही जोडलेला आहे. अमेरिकेत प्रबंधासह एम. एस. करणाऱ्या विद्यार्थ्याला पुष्कळदा प्राध्यापकाच्या संशोधन प्रकल्पातून साहाय्यकाचे काम मिळते आणि त्यातून शुल्क व खर्च भागतो. म्हणून आधी प्राध्यापकाला पत्र लिहावे आणि मग अर्ज करावा. पत्र छोटे असावे. त्याचे कोणते काम वाचले आणि आपल्याला काय करायचे आहे, एवढे त्यात नेमके लिहावे. प्रबंधाविना असलेल्या अभ्यासक्रमाला असा आधार क्वचित मिळतो. तीन वर्षांची पदवी तेथील अनेक विद्यापीठांत पुरेशी धरत नाहीत, हेही आधी विचारून घ्यावे. जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीचे शुल्क नाही. परंतु वनशास्त्रासाठी प्रसिद्ध असलेले फ्रायबुर्ग ज्या राज्यात आहे, त्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १५०० युरो आकारण्याचा नियम झाला. फुलब्राइट-नेहरू या पदव्युत्तर शिष्यवृत्तीला कामाचा तीन वर्षांचा अनुभव मागतात. तेव्हा पदवी झाल्याबरोबर त्या भरवशावर बसू नये.

आपल्या समाजातील पालकांना एक गोष्ट मुद्दाम सांगतो. मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप २०२२ साली बंद झाली. परदेशी शिक्षणाच्या कर्जावरील व्याजात सवलत देणारी 'पढो परदेश' योजनाही २०२२-२३ पासून थांबली. जुन्या पत्रकावर विश्वासून कोणी घराचा हिशेब मांडू नये. ज्यांना व्याजाचे कर्ज काढायचे नाही, त्यांनी सुरुवातीलाच अशी विद्यापीठे निवडावीत जेथे शुल्क कमी आहे किंवा शिष्यवृत्ती स्पर्धापरीक्षेतील गुणांवर मिळते. कृषी अनुसंधान परिषदेच्या अखिल भारतीय परीक्षेतून मिळणारे प्रवेश आणि शिष्यवृत्त्या या दृष्टीने पाहण्यासारख्या आहेत. आणि समाजातील सधन मंडळींना माझी विनंती आहे की, लग्नाच्या मांडवावर जो पैसा जातो त्यातील थोडा अशा एखाद्या मुलासाठी कर्जे-हसना म्हणून बाजूला काढावा. नोकरी लागल्यावर तो परत करील आणि तोच पैसा दुसऱ्याच्या उपयोगी पडेल.

आता मुलींविषयी. 'मुलीची जात, जंगलात कशी पाठवायची?' हा प्रश्न पालक विचारणारच, आणि तो काळजीपोटी विचारतात हे मी जाणतो. भारतीय वन सेवेत १९८० च्या तुकडीपासून महिला अधिकारी आहेत. जमाल आरा या बिहारच्या विदुषीचे शिक्षण दहावीपर्यंतच झाले होते. पण त्यांनी छोटा नागपूरच्या जंगलातील पक्ष्यांवर वर्षानुवर्षे लिहिले आणि पक्षिनिरीक्षणावरचे त्यांचे पुस्तक नॅशनल बुक ट्रस्टने १९७० साली प्रसिद्ध केले. दहावीच्या शिक्षणावर एक बाई एवढे करते, तर वसतिगृह आणि अध्यापक पाठीशी असताना आपली मुलगी का करणार नाही? काळजी वाटते तर नकार देण्याऐवजी चौकशी करा. वसतिगृह कसे आहे, बाहेरच्या कामाला मुली किती जणींच्या गटाने जातात, सोबत कोण असते, अडचण आली तर कोणाला सांगायचे, हे विचारा. शक्य असेल तर एकदा मुलीबरोबर जाऊन सारे पाहून या. पाहून आल्यावर नाही म्हणालात, तरी ते विचारपूर्वक म्हटलेले असेल.

सोसायटीलाही एक सूचना करतो. वाचनालयात एक वही ठेवावी. आपल्या शाळेतून शिकून गेलेला जो कोणी कृषी, मत्स्य, वन किंवा पाणी या खात्यांत, विद्यापीठांत किंवा संस्थांत काम करीत असेल त्याने त्या वहीत आपला अभ्यासक्रम, प्रवेशाची रीत आणि झालेला खर्च लिहून ठेवावा. दर वर्षी त्यात दोन पाने वाढली, तरी पुढच्या मुलाला वाट विचारायला मुंबई-पुण्याला जावे लागणार नाही.

विद्यार्थी मित्रांनो, संपत्ती कोणती आणि बाजू कोणती, पात्रता व मान्यता आहे काय, गुरू आणि काम कसे आहे, खर्च कोठून येणार, हे चार प्रश्न एका कागदावर लिहा आणि तीनचार विद्यापीठांची उत्तरे समोरासमोर मांडा. मग घरी अब्बा-अम्मींच्या शेजारी बसून तो कागद त्यांना वाचून दाखवा. ज्या घरात निर्णय असा एकत्र बसून होतो, तेथे पुढे पैशाची ओढाताण झाली तरी मुलाचे शिक्षण अर्ध्यावर सुटत नाही.

 अल्लाह तआला आपल्या मुलामुलींना उपयोगी पडणारे इल्म देवो. खुदा हाफिज.